पाणंद अडली आणि ऑफिस हलेना, तर लोकआयुक्तांकडं तक्रार कशी करायची

डिसेंबरात ऊसतोड आली, टोळी फडात उतरली आणि ट्रॅक्टर पाणंदीच्या, म्हणजे शेतात जायच्या वाटेच्या, तोंडाशीच थांबला, कारण पुढं पाणंदच राहिली नव्हती. शेजारच्या गटवाल्यानं पावसाळ्याच्या तोंडावर तिच्यावरनं नांगर फिरवला होता आणि वर उसाची आडसाली लागण करून टाकली होती. त्या वर्षी आमच्या आईनं आणि दोन्ही चुलत्यांनी ऊस मोळ्या बांधून डोक्यावरनं डांबरीपर्यंत आणला, टोळीवाल्यांनी जास्तीचे पैसे घेतले ते वेगळेच. अण्णांनी, म्हणजे वडिलांनी, त्यानंतर दोन वर्षं तालुक्याच्या ऑफिसात खेपा घातल्या. निकाल आमच्या बाजूनं लागला, हातात सही-शिक्क्याचा आदेश आला, तरी रस्ता काही खुला होईना. शेवटी लोकआयुक्तांकडं तक्रार केली. त्या सगळ्यात जे शिकले ते इथं लिहिते, कारण आपल्या कोल्हापूर जिल्ह्यात करवीरपासून चंदगडपर्यंत असं एक गाव नसेल जिथं पाणंदीचं भांडण नाही आणि लोकांना लोकआयुक्त हे नाव ऐकून माहीत असतं पण तिथं जायचं कधी आणि काय घेऊन जायचं हे कुणी नीट सांगत नाही.

आधी एक गोष्ट पक्की समजून घ्या. लोकआयुक्त तुम्हाला रस्ता देत नाहीत. रस्ता कुणाचा, किती फुटाचा, शेजाऱ्याचा बांध बरोबर का तुमचा, हे ते ठरवत नाहीत, ते तहसीलदार ठरवतात, प्रांत (उपविभागीय अधिकारी) ठरवतात, कोर्ट ठरवतं. लोकआयुक्त बघतात ते एवढंच की ज्या ऑफिसनं तुमचं काम करायला पाहिजे होतं त्यानं ते केलं का, वेळेत केलं का, का अर्ज दाबून ठेवला, का एकाला एक आणि दुसऱ्याला दुसरं लावलं. म्हणजे भांडण शेजाऱ्याशी असलं तरी तक्रार ऑफिसच्या कामकाजाची असते. हा फरक ज्याला कळला त्याची तक्रार टिकते, बाकीच्यांच्या तक्रारीला "हा विषय आमच्या अखत्यारीत नाही, सक्षम प्राधिकाऱ्याकडं दाद मागा" असं उत्तर येतं आणि मग माणूस म्हणतो लोकआयुक्तांचा काही उपयोग नाही.

म्हणून फाइल पहिल्या दिवसापासून त्या हिशोबानं लावायची.

रस्ता कुठल्या जातीचा आहे ते आधी शोधा

यावर कुठलं ऑफिस जबाबदार ते ठरतं, त्यामुळं इथं घाई करू नका. तालुक्याच्या भूमी अभिलेख ऑफिसात, म्हणजे आपण ज्याला मोजणी ऑफिस म्हणतो तिथं, गावाच्या नकाशाची नक्कल मागा. नुसता ऑनलाइन गट नकाशा काढून भागत नाही. गट पडायच्या आधीचा सर्व्हे नंबरचा जुना नकाशा मिळाला तर तो पण घ्या, कारण कितीतरी पाणंदी जुन्या नकाशावर स्वच्छ दिसतात आणि गटाच्या नकाशावर पुसट होतात. नकाशावर तुटक रेषांची जोडी गेली असेल तर तो गाडीमार्ग, साधारण साडेसोळा ते एकवीस फुटांचा धरला जातो. एकच तुटक रेघ असेल तर पायमार्ग, सव्वा आठ फुटांचा. मी ती नक्कल पहिल्यांदा टेबलावर पसरली तेव्हा अण्णांनी बोट ठेवून ओढ्यापासनं आमच्या विहिरीपर्यंत ती जोड रेघ दाखवली आणि म्हणाले, ही बघ, तुझा आजा बैलगाडी इथनं न्यायचा. तोपर्यंत मला पण वाटायचं की पाणंद म्हणजे नुसती तोंडची गोष्ट.

नकाशावर रस्ता आहे म्हणजे तो कुणाच्या बापजाद्यांचा नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ च्या कलम २० प्रमाणं सार्वजनिक रस्ते, गल्ल्या, वाटा या सरकारच्या मालकीच्या. अशा रस्त्यावर अतिक्रमण झालं तर ते काढायची जबाबदारी सरकारी यंत्रणेची आहे आणि गावातल्या रस्त्यावर असेल तर ग्रामपंचायतीची पण आहे. ग्रामपंचायत अधिनियम १९५८ चं कलम ५३ त्यासाठीच आहे, त्यात पंचायतीला अडथळा काढायचा अधिकार आहे आणि पंचायत काहीच करत नसेल तर जिल्हाधिकारी स्वतःहून किंवा कुणाच्या अर्जावरनं कारवाई करू शकतात. बऱ्याच ठिकाणी अडचण अशी असते की रस्त्यात गोठा घालणाराच पंचायतीत बसलेला असतो. सरकारी किंवा सार्वजनिक जागेवर अतिक्रमण करणारा सदस्य राहू शकत नाही, कलम १४ मध्ये ती अपात्रता आहे आणि तो अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडं वेगळा करायचा असतो, तो पाणंदीच्या अर्जात कोंबू नका.

नकाशावर रस्ता नाही, पण वर्षानुवर्षं तिथनं जाणं-येणं आहे आणि आता कुणीतरी अडवलंय, तर मामलतदार न्यायालय अधिनियम १९०६ चं कलम ५ लागतं. (नकाशावरचा रस्ता अडवला तरी ह्या कलमाखाली जाता येतं, आम्ही तेच केलं.) इथं सगळ्यात मोठा सापळा मुदतीचा आहे. अडवल्यापासून ६ महिन्यांच्या आत तहसीलदारांकडं दावा दाखल व्हायला पाहिजे. आम्ही जूनमध्येच बघितलं होतं पण भाऊबंदकी, देवळात बैठक, मग गणपती, मग दिवाळी होऊ दे, असं करत करत नोव्हेंबर उजाडला आणि मुदत संपायला आठवडा राहिला असताना कागद आत गेला. समजुतीनं मिटतंय का बघा, जरूर बघा, पण तारीख भिंतीवर लिहून ठेवा.

आणि रस्ताच नाही, कधी नव्हता, शेतात जायला बांधावरनं नवीन वाट पाहिजे, तर जमीन महसूल संहितेचं कलम १४३. त्यात तहसीलदार दुसऱ्यांच्या बांधावरनं वाट देऊ शकतात आणि देताना शेतकऱ्याला शेतात जायची वाजवी सोय पाहिजे हे त्यांनी बघायचं असतं. शासनानं २२ मे २०२५ ला शेतरस्त्यांबद्दल जो निर्णय काढला त्यात रस्ता किमान ३ ते ४ मीटर रुंद असावा, अशा अर्जांचा निकाल ९० दिवसांत लागावा आणि रस्त्याची नोंद सातबाऱ्याच्या इतर हक्कात घ्यावी असं सांगितलंय. आता ट्रॅक्टर-ट्रॉली आणि ऊसतोडणी मशीन आल्यावर बैलगाडीच्या मापाचा रस्ता पुरत नाही हे शासनाला पण पटलंय, त्यामुळं अर्जात या निर्णयाचा तारखेसकट उल्लेख करा. लोकआयुक्तांकडं विलंब दाखवताना हे ९० दिवस फार उपयोगी पडतात.

शहरातलं वेगळं. कोल्हापूर आणि इचलकरंजी या महापालिका, कागल, मुरगूड, गडहिंग्लज, जयसिंगपूर, कुरुंदवाड अशा नगरपालिका. पेठेतला बोळ कुणी जिना बांधून किंवा पत्रा मारून बंद केला असेल तर आधी नगर भूमापन ऑफिसातनं मिळकत पत्रिका आणि त्या भागाचा नकाशा काढा. बोळ सार्वजनिक निघाला तर महापालिकेत आयुक्तांच्या नावानं आणि नगरपालिकेत मुख्याधिकाऱ्यांच्या नावानं अर्ज. बोळ खाजगी, दोन घरांचा सामाईक निघाला तर पालिकेला दोष देऊन उपयोग नाही, ते दिवाणी कोर्टाचं काम. वीस वर्षं उघडपणे, कुणाच्या परवानगीशिवाय आणि खंड न पडता वापर असेल तर सुविधाधिकार कायदा १८८२ खाली हक्क सांगता येतो, पण तो कोर्टात सिद्ध करावा लागतो.

पहिला अर्ज आणि पोच

अर्ज साधा असावा. तुमचा गट नंबर, ज्यांच्या गटातनं वाट जाते त्यांची नावं आणि गट नंबर, चतुःसीमा, हातानं काढलेला कच्चा नकाशा, स्वतःचा आणि त्यांचा चालू सातबारा, गाव नकाशाची नक्कल, अडवलं ती तारीख, आणि काय पाहिजे ते एका वाक्यात. वर कोर्ट फी स्टॅम्प. फोटो काढताना मागं काहीतरी ओळखीचं, विजेचा खांब म्हणा, विहीर म्हणा, येऊ द्या, नुसत्या उसाचा फोटो कुठलाही असू शकतो.

आणि पोच. पोच म्हणजे दुसऱ्या प्रतीवर ऑफिसचा गोल शिक्का, तारीख आणि आवक नंबर. अण्णा जुन्या वळणाचे, साहेबांच्या टेबलावर कागद ठेवून नमस्कार करून यायचे, साहेब म्हणायचे बघतो, आणि अण्णा खुश होऊन घरी. पहिल्या दोन अर्जांचं पुढं काय झालं ते आजतागायत कुणालाच माहीत नाही कारण आवक रजिस्टरला ते कधी चढलेच नव्हते. तिसऱ्या वेळी मी बरोबर गेले. खिडकीवरची बाई म्हणाली आत देऊन जा, शिक्का नंतर मारून ठेवते. मी म्हणलं मावशी, मी थांबते, तुमचं जेवण झालं तरी चालेल. अर्धा तास बाकावर बसले, त्यांनी डबा संपवला, रजिस्टर ओढलं, नंबर टाकला, शिक्का मारला. त्या शिक्क्याची झेरॉक्स पुढं लोकआयुक्तांच्या तक्रारीला जोडपत्र क्रमांक एक म्हणून लागली. शिक्का द्यायला टाळाटाळ केली तर वाद घालू नका, तोच अर्ज स्पीड पोस्टानं पाठवा आणि पोचल्याचा ट्रॅकिंगचा कागद काढून ठेवा.

एक वही घ्या. तारीख, कुठल्या ऑफिसात गेलो, कोण भेटलं, काय म्हणालं. साधी शाळेची दोनशे पानी वही. आमच्या वहीत एकूण एकतीस खेपा निघाल्या. पुढं एकदा "अर्जदार आमच्याकडं आलेच नाहीत" असं ऑफिसकडनं सांगितलं गेलं तेव्हा ती वहीच पुढं केली.

निकाल विरुद्ध लागला तर तो मार्ग वेगळा

कलम १४३ च्या निर्णयावर नाराज असाल तर प्रांतांकडं ६० दिवसांत अपील, नाहीतर दिवाणी कोर्टात वर्षाच्या आत दावा. दावा टाकला की मग अपील चालत नाही, तेव्हा वकिलाला विचारून एक काय ते ठरवा. मामलतदार कायद्याखालच्या निकालाला अपील नाही, फेरतपासणी आहे. "तहसीलदारांनी चुकीचा निकाल दिला" ही तक्रार लोकआयुक्तांकडं नेऊ नका. लोकआयुक्तांच्या १९७१ च्या कायद्यातच आहे की ज्या गाऱ्हाण्यासाठी कोर्टात किंवा न्यायाधिकरणात दाद मागता येते, त्याची चौकशी ते सहसा करत नाहीत, तिथं जाणं कुणाला खरंच शक्य नसेल तर करू शकतात. मग लोकआयुक्तांकडं नेण्यासारखं काय असतं? अर्ज देऊन वर्ष झालं तरी नोटीस निघाली नाही. स्थळपाहणी झाली पण पंचनामा फाइलला लागला नाही. फाइल सापडत नाही म्हणून सांगितलं. आदेश झाला पण अंमलबजावणी नाही. ग्रामपंचायतीनं अतिक्रमणाचा ठराव केला आणि पुढं ढिम्म. वरच्या ऑफिसनं अहवाल मागितला आणि खालच्यानं दिलाच नाही. कायद्यात गैरकारभाराच्या व्याख्येत निष्काळजीपणा आणि अवाजवी विलंब हे दोन्ही बसतात, आणि पाणंदीच्या बहुतेक केसा ह्या दोन शब्दांतच असतात.

मधला काळ वाया घालवायचा नाही

महिना-दीड महिना काही हललं नाही तर स्मरणपत्र द्या, त्यात आधीचा आवक नंबर आणि तारीख. दुसरं स्मरणपत्र देताना प्रत प्रांत आणि जिल्हाधिकाऱ्यांना. ग्रामपंचायतीचा विषय असेल तर गटविकास अधिकारी आणि जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांना. वरिष्ठांना कळवलं होतं का हा प्रश्न पुढं हमखास येतो.

मग माहितीचा अधिकार. दहा रुपयांचा स्टॅम्प लावून अर्ज, ३० दिवसांत उत्तर, नाही आलं तर पहिलं अपील, त्याला २० रुपये. प्रश्न "माझा रस्ता का दिला नाही" असा विचारू नका, "का" ला माहितीच्या अधिकारात उत्तर मिळत नाही. कागद मागा. माझ्या अमुक आवक नंबरच्या अर्जावर आजपर्यंत झालेल्या कार्यवाहीच्या सगळ्या कागदांच्या आणि टिपणीच्या प्रती. हे प्रकरण कुठल्या कर्मचाऱ्याकडं किती दिवस होतं त्याच्या कार्यविवरण नोंदवहीची प्रत. दावा चालू असेल तर रोजनाम्याची प्रत. रोजनामा म्हणजे प्रत्येक तारखेला काय झालं याची नोंद, आणि आमच्या रोजनाम्यात ओळीनं नऊ तारखांना "साहेब दौऱ्यावर" एवढंच लिहिलं होतं. ते पान वाचून अण्णा बराच वेळ काही बोलले नाहीत. त्या नऊही तारखांना ते सकाळच्या एसटीनं जाऊन संध्याकाळी परत आले होते.

जिल्हाधिकारी ऑफिसात महिन्याच्या पहिल्या सोमवारी लोकशाही दिन असतो, तालुक्याला तिसऱ्या सोमवारी. अर्ज आधी पंधरा दिवस द्यावा लागतो. कोर्टात असलेला विषय किंवा महसुली अपील तिथं घेत नाहीत, पण "आदेशाची अंमलबजावणी होत नाही" हा घेतात. आमचं काम तिथं झालं नाही, खरं सांगते, पण तिथनं तालुक्याला गेलेलं पत्र आणि त्याला तालुक्यानं उत्तर न देणं हे दोन्ही आमच्या बाजूचे पुरावे झाले.

दप्तर दिरंगाईचा कायदा म्हणून २००५ चा एक कायदा आहे, त्यात सरकारी कर्मचाऱ्याकडं फाइल साधारण सात कामाच्या दिवसांपेक्षा जास्त पडून राहू नये असं आहे. तो अर्धन्यायिक प्रकरणांना लागत नाही, म्हणजे तहसीलदारांपुढं दावा चालू आहे तोवर तो दाखवून उपयोग नाही. पण अतिक्रमणाचा साधा अर्ज, नकलेचा अर्ज, वरिष्ठांनी मागितलेला अहवाल, असल्या कागदांना तो दाखवता येतो.

आता लोकआयुक्त

महाराष्ट्र लोकआयुक्त व उप-लोकआयुक्त अधिनियम १९७१ चा आणि ऑफिस सुरू झालं १९७२ ला, देशात पहिलं आपल्याच राज्यात. पत्ता मुंबईचा, नवीन प्रशासन भवन, मादाम कामा मार्ग, मंत्रालयासमोर. तक्रार द्यायला मुंबईला जायची गरज नाही, पोस्टानं चालते, आणि मराठीत लिहिलेली चालते.

तक्रार दोन प्रकारची असते आणि हे दोन प्रकार एकमेकांत मिसळू नका. एक गाऱ्हाणं, म्हणजे गैरकारभारामुळं माझ्यावर अन्याय झाला, मला त्रास झाला. ते ज्याच्यावर अन्याय झाला त्यानंच करायचं, पण माणूस वारलेला असेल किंवा त्याला स्वतःला करणं शक्य नसेल तर त्याच्या वतीनं वारस किंवा त्यानं नेमलेला माणूस करू शकतो. अण्णांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, त्यामुळं त्यांनी मला अधिकारपत्र दिलं आणि सही त्यांनी केली. दुसरा प्रकार आरोप, म्हणजे अधिकाऱ्यानं पदाचा गैरवापर केला, पैसे घेतले. त्याला प्रतिज्ञापत्र लागतं. गावात सगळे म्हणतात की अमक्यानं पाकीट घेतलं, म्हणून तुम्ही ते शपथेवर लिहू नका. तुमच्याकडं पुरावा नसेल तर गाऱ्हाणंच करा. नुसत्या विलंबाची, कागदांनी सिद्ध होणारी तक्रार लई भक्कम असते, आणि त्यात एक न सिद्ध होणारा आरोप घातला की सगळी फाइल त्या आरोपाभोवती फिरायला लागते.

मुदत. गाऱ्हाण्याला, ती गोष्ट तुम्हाला कळल्यापासून १२ महिने. आरोपाला, ती गोष्ट घडल्यापासून ३ वर्षं. उशिराला सबळ कारण असेल तर विचार होऊ शकतो पण त्या भरवशावर बसू नका. आमचा आदेश होऊन अकरावा महिना चालू होता तेव्हा मी हे वाचलं आणि त्याच आठवड्यात तक्रार पोस्टात टाकली.

लिहायचं कसं? शेजाऱ्याचं नाव पहिल्या परिच्छेदात येऊच देऊ नका. माझ्या पहिल्या कच्च्या मसुद्यात शेजाऱ्यानं कसं दमदाटी केली, आमच्या म्हशीला कसं काठीनं मारलं, सोसायटीच्या निवडणुकीचा राग कसा काढला, अशी चार पानं होती. ओळखीच्या एका निवृत्त अव्वल कारकून काकांनी ती वाचली, लाल पेननं तीन पानं आडवी मारली आणि म्हणाले, पोरी, ह्यात सरकारनं काय केलं नाही ते कुठाय? मग जे राहिलं ते साधारण असं होतं:

"माझ्या गट क्रमांक अमुक कडे जाणारा, गाव नकाशावर दर्शविलेला गाडीमार्ग अडविल्याबद्दल मी दिनांक अमुक रोजी तहसीलदारांकडे दावा दाखल केला (जोडपत्र १). दिनांक अमुक रोजी रस्ता खुला करण्याचा आदेश झाला (जोडपत्र २). आदेशाची अंमलबजावणी व्हावी म्हणून मी दिनांक अमुक, अमुक व अमुक रोजी लेखी विनंती केली (जोडपत्र ३ ते ५). जिल्हाधिकारी कार्यालयाने दिनांक अमुक रोजी अहवाल मागविला (जोडपत्र ६), तो माहिती अधिकारातील उत्तरानुसार आजअखेर दिलेला नाही (जोडपत्र ७). आदेशाला कोठेही स्थगिती नाही. अंमलबजावणी न झाल्याने माझे दोन गळीत हंगामांचे नुकसान झाले आहे. विनंती की आदेशाची अंमलबजावणी ठराविक मुदतीत करण्याबाबत शिफारस व्हावी आणि विलंबाची जबाबदारी निश्चित व्हावी."

यातलं "आदेशाला कोठेही स्थगिती नाही" हे वाक्य विसरू नका. समोरच्यानं प्रांतांकडनं स्टे आणला असेल तर अंमलबजावणी न होण्यात ऑफिसची चूकच नाही. आधी खात्री करा, लेखी घ्या आणि मगच लिहा. मागणी पण झेपेल अशी करा. अधिकाऱ्याला निलंबित करा, दहा लाख भरपाई द्या, असलं लिहिलं की मूळ मागणी बाजूला पडते.

तक्रार कुणाविरुद्ध, तर पदनाम लिहा आणि त्या काळात त्या पदावर कोण होतं ते माहिती अधिकारात मिळालं असेल तर जोडा, कारण तहसीलदार बदलतात, सर्कल (मंडळ अधिकारी) बदलतात आणि नवीन आलेला म्हणतो हे माझ्या काळातलं नाही. सोबत एक पानाचा तारीखवार तक्ता लावा. डावीकडं तारीख, मधे काय झालं, उजवीकडं जोडपत्र नंबर. आमच्या फाइलमधलं सगळ्यात जास्त वाचलं गेलेलं पान तेच असणार. मूळ कागद पाठवू नका, झेरॉक्स पाठवा.

पुढं काय होतं

आधी नोंद होऊन नंबर मिळतो. मग ते संबंधित ऑफिसकडनं अहवाल मागवतात. त्या अहवालात ऑफिसनं काय लिहिलंय ते आपल्याला कळलं की त्यावर म्हणणं द्यायचं असतं, आणि इथं बरेच जण कंटाळून सोडून देतात. सोडू नका. आमच्या बाबतीत ऑफिसनं लिहिलं की पोलिस बंदोबस्त उपलब्ध न झाल्यानं अंमलबजावणी प्रलंबित आहे. मी परत माहिती अधिकारात विचारलं की बंदोबस्तासाठी पोलिसांना कुठल्या तारखेला पत्र दिलं त्याची जावक नंबरसकट प्रत द्या. उत्तर आलं, असं पत्र अभिलेखात आढळत नाही. ते एक ओळीचं उत्तर म्हणणं म्हणून मुंबईला पाठवलं.

लोकआयुक्त शेवटी शिफारस करतात. ती कोर्टाच्या हुकमासारखी नसते हे खरं आहे आणि हे आधीच माहीत असलेलं बरं. पण शिफारशीत मुदत घालता येते, ती संपल्यावर महिन्याभरात संबंधितांना काय केलं ते कळवावं लागतं, आणि समाधान झालं नाही तर लोकआयुक्त राज्यपालांना विशेष अहवाल देऊ शकतात, तो विधिमंडळापुढं जातो. त्यामुळं कुठलंच तालुका ऑफिस ह्या पत्राला सहज बाजूला टाकत नाही. आमचं शिफारशीपर्यंत गेलंच नाही. पहिल्या सुनावणीची तारीख लागली आणि तिच्या आधीच्या आठवड्यात सर्कल, तलाठी, मोजणीवाले, चार पोलिस आणि जेसीबी एवढे सगळे सकाळी नऊला बांधावर हजर. अण्णांनी नकाशाची नक्कल छातीशी धरली होती. मोजणीवाल्यानं खुणा टाकल्या, उसाच्या पाच सऱ्या निघाल्या, दुपारपर्यंत मुरूम दिसायला लागला.

त्या दिवशीच दोन गोष्टी करून घ्या. पंचनाम्यावर सगळ्यांच्या सह्या, लांबी-रुंदीच्या मापांसकट, आणि त्याची प्रत हातात. हद्दीच्या खुणा म्हणून दगड रोवून घ्या, नुसता चुना पहिल्या पावसात जातो. मग तलाठ्याकडं अर्ज देऊन रस्त्याची नोंद दोन्ही बाजूंच्या सातबाऱ्याच्या इतर हक्कात घालून घ्या. हे राहिलं तर जमीन विकली गेल्यावर नवीन मालक म्हणतो मला काही माहीत नाही आणि परत पहिल्यापासनं सुरू.

इतकं करूनही हललं नाही, किंवा नुकसान इतकं अंगावर आलंय की थांबणं शक्य नाही, तर हायकोर्टात रिट. त्यासाठी आता मुंबई गाठावी लागत नाही, १८ ऑगस्ट २०२५ पासनं हायकोर्टाचं सर्किट बेंच आपल्या कोल्हापुरातच बसतंय. कोर्टात गेला तर लोकआयुक्तांना तसं लगेच कळवा, दोन्हीकडं एकच विषय लपवून चालवू नका, दोन्हीकडं विश्वास जातो.

आमच्या सातबाऱ्यावर नोंद यायला आणखी चार महिने लागले, त्याला पण दोन स्मरणपत्रं द्यावी लागली. नोंदीचा फेरफार मंजूर झाल्याचा कागद त्याच दोनशे पानी वहीत शेवटच्या पानाला चिकटवलाय. शेजाऱ्याच्या पोराचा ट्रॅक्टर पण आता त्याच पाणंदीतनं जातो.